शेवटचं काय केलं होतंस?

"मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं."

हे वाक्य मी गेली अठरा-एकोणीस वर्षं जवळजवळ रोज ऐकतोय. माझं पोटच त्याच्यावर चालतं म्हणा ना. एका बऱ्यापैकी मोठ्या हपिसात कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क वगैरे मंडळींना जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे आहे. कीबोर्डच्या कळा साखरेने चिकटलेल्या असतात, वेलचीचा मस्त वास येत असतो आणि समोरचे साहेब म्हणतात, "आपोआप झालं." मीही "हो का, होतं असं कधीकधी" म्हणतो आणि नवा कीबोर्ड लावून देतो. कीबोर्डचं ठीक आहे, चहा दिसतो तरी. खरी पंचाईत होते ती जिथे चहा दिसत नाही तिथे. मग दोन मिनिटांचं काम दोन दिवस चालतं, कारण "शेवटचं काय केलं होतं?" या एका प्रश्नाचं खरं उत्तर कुणी देत नाही.

तर मे महिन्यात ताईच्या घरी असाच एक उद्योग निघाला. (भाच्याला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "लिही, पण माझं नाव नको." नाही लिहीत, बाबा.)

भाच्याची बारावी झाली. आजीचे पैसे, वाढदिवसाचे पैसे आणि बाकी ताईकडून असे जमवून त्याने सुटे भाग मागवले आणि घरी स्वतः कॉम्प्युटर जोडला. सगळे मिळून पाऊण लाखाच्या आसपास. भावोजी पहिल्या दिवसापासून "रेडीमेड घे, वॉरंटीचं एकच कार्ड असतं" म्हणत होते. मी अर्थातच मुलाच्या बाजूने. शुक्रवारी रात्री साडेदहाला फोन: "मामा, पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण स्क्रीन काळी." मागून भावोजींचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "सांगत होतो ना मी! गेले पैसे पाण्यात!"

फोनवर जेवढं होतं तेवढं केलं. मॉनिटरची वायर नीट आहे का. बोर्डाला जाणारी चोवीस पिनांची मोठी वायर पूर्ण आत बसली आहे का (ती बसल्यासारखी वाटते, बसलेली नसते). प्रोसेसरसाठी वरच्या कोपऱ्यात आठ पिनांची वेगळी वायर लागते, ती बरेच जण विसरतात. ती होती. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, म्हणजे जिथे हव्यात तिथेच. मग मी विचारलं, "चालू करून किती वेळ थांबलास?" म्हणाला, "एखादं मिनिट. तीन वेळा बंद करून परत लावलं."

इथे मला हायसं वाटलं. हल्लीच्या या डीडीआर-५ रॅमचं एक तंत्र आहे. नवीन जोडणी पहिल्यांदा चालू केली की बोर्ड रॅमबरोबर जुळवून घेत बसतो. कोणत्या वेगाला, किती उशिराने, किती व्होल्टला दोघांचं पटतं ते तपासत राहतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्यात बरीच मिनिटं जाऊ शकतात. तेवढा वेळ स्क्रीन ठार काळी. कित्येक लोक घाबरून मधेच बटण दाबतात आणि बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हटलं, "आता हात लावू नकोस. वीस मिनिटं जेवायला जा." वीस मिनिटांनी फोन आला. काळीच. बोर्डावर चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्क. जिथे गाडी अडेल तो दिवा लागून राहतो. रॅमचा दिवा पेटलेला होता.

शेवटी ठरलेला प्रश्न विचारला. "जोडताना काही झालं का? काही पडलं, अडकलं, जोर लावावा लागला?"

"नाही मामा. काहीच नाही."

रविवारी सकाळी ठाण्याला ताईकडे गेलो. पोहे खाल्ले आणि कामाला लागलो. अशा वेळी मी पहिल्यांदा सगळा संसार मोडतो. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि पॉवर सप्लाय. बस्स. डिस्क नको, कॅबिनेटचं बटणही नको. बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की बोर्ड चालू होतो. (हे बघताना ताई देवघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं आता स्फोट होणार.) आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर चालू झाल्यावरही का चालू झालं ते कळत नाही, आणि ते न कळता चालू झालेल्या मशीनवर माझा विश्वास नसतो.

पहिली पट्टी खोडरबराने पुसून दुसऱ्या खाचेत लावली. थांबलो. रॅमचा दिवा. तीच पट्टी चौथ्या खाचेत लावली. थांबलो. तीन-चार मिनिटांनी स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह! घरात आरडाओरडा. मी म्हटलं, थांबा. दुसरी पट्टी, दुसरी खाच: दिवा. दुसरी पट्टी, चौथी खाच: चालू. म्हणजे दोन्ही पट्ट्या ठणठणीत, चौथी खाच ठणठणीत, दुसऱ्या खाचेत मात्र काहीच चालत नाही. पहिल्या खाचेतही नाही, कारण पहिली-दुसरी हा एक रस्ता आणि तिसरी-चौथी हा दुसरा.

रॅमशी बोलणारा भाग आता प्रोसेसरच्याच पोटात असतो. प्रोसेसरच्या खाली बोर्डावर जे चौकोनी सॉकेट असतं त्याच्या पिनांतून तो रस्ता थेट खाचांकडे जातो. या सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, केसांएवढ्या बारीक आणि स्प्रिंगसारख्या वाकलेल्या. पूर्वी एएमडीच्या साध्या प्रोसेसरांना पिना असत आणि सॉकेटला भोकं. आता उलटं झालंय. म्हणजे एक तर बोर्डाचा तो रस्ता कारखान्यातूनच बिघडलेला, किंवा सॉकेटमधली एखादी पीन वाकलेली.

"मामा, बोर्डच खराब आलाय," भाचा घाईघाईने म्हणाला. "मी रिटर्न टाकलीय. उद्या न्यायला येतील."

मी म्हटलं, "प्रोसेसर एकदा उचलून बघू."

त्याचा चेहरा असा काही झाला की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तो चेहरा मी ओळखतो. तो माझाच आहे, २००३ सालचा.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, डोंबिवलीत. बाबांनी बोनसचे पैसे बाजूला ठेवले होते आणि माझी अट अशी की कॉम्प्युटर मी स्वतः जोडणार. एका शनिवारी बाबा आणि मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. (त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तसं म्हणणारा माणूस मला त्या रस्त्यावर कधी भेटला नाही.) दुकानातल्या पोऱ्याने, माझ्याच वयाचा असेल, आमच्यासमोर बोर्डावर प्रोसेसर आणि पंखा बसवून चालू करून दाखवला. मग म्हणाला, जोडूनच देतो. मी तोऱ्यात सांगितलं, "नाही, लूज द्या. मी घरी जोडणार." त्याने सगळं परत काढून डब्यात भरून दिलं.

ज्यांनी तेव्हा ॲथलॉन एक्सपी जोडला असेल त्यांना पुढचं सांगायलाच नको. :) त्या सॉकेटवर पंखा बसवायला एक पोलादी क्लिप असायची, इतकी कडक की बोटाने दबायची नाही. चपटा स्क्रू ड्रायव्हर खाचेत घालून सगळा जोर लावून ती खाली दाबायची आणि सॉकेटच्या दातात अडकवायची. माझा स्क्रू ड्रायव्हर सटकला. बोर्डावर सॉकेटच्या कडेला दोन बोटांएवढा ओरखडा, आणि त्याखालच्या तांब्याच्या बारीक रेघा कापलेल्या. मी तरीही सगळं जोडलं. पंखा फिरला. बाकी शांत. तेव्हा कॅबिनेटला छोटा स्पीकर असायचा. रॅम काढून चालू केलं की धड बोर्डाने बीप बीप करून बोंब मारायला हवी. माझा बोर्ड बोंबही मारत नव्हता.

दुसऱ्या शनिवारी परत लॅमिंग्टन रोड. मालकाने बोर्ड उलटसुलट केला, ओरखड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आपने क्लिप लगाया था?" मी म्हटलं, नाही. मी क्लिपला हातच लावला नाही, डब्यातून काढला तेव्हाच हा ओरखडा होता. आणि बाबा म्हणाले, "माझा मुलगा खोटं बोलणार नाही." मराठीतच म्हणाले. मालकाला बरोबर कळलं.

मग मालक पोऱ्याकडे वळला, कारण शेवटची क्लिप त्यानेच काढली होती. बोर्ड बदलून मिळाला. साडेतीन हजारांचा होता. "दो महिने पगार से कटेगा," मालक म्हणाला, आमच्यासमोरच, आम्हाला ऐकू जाईल असं. पोऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. दिवसाला किती क्लिपा काढत असेल तो, आपला हात सटकला की नाही हे त्याला माहीत नसेल? तो एक अक्षर बोलला नाही. मीही बोललो नाही. नवा बोर्ड घेऊन आम्ही खाली आलो आणि बाबांनी मला उसाचा रस पाजला.

त्या कॉम्प्युटरवर मी प्रोजेक्ट केला, त्यावर शिकलो, आज जे काही करतो ते त्यातून आलं. तो चालू करताना पंखा फिरायला लागला की मला रोज नाही, पण पुष्कळदा ती क्लिप आठवायची.

मी खोटं का बोललो, याचा मी बराच विचार केलाय. बाबा मारकुटे नव्हते. पण बोनसचे पैसे होते, "मला येतं" म्हणून मी हट्ट केला होता, आणि आमच्या घरात कपबशी फुटली तरी पहिला प्रश्न "कुणी फोडली?" असाच यायचा. "कशी फुटली?" असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. तुमच्याही घरी बहुधा असंच असेल. कुणी फोडली हे ठरलं की चौकशी संपते, आणि ताटाळं भिंतीवर तिरकं लावलंय म्हणून दर महिन्याला एक कपबशी फुटते ते तसंच राहतं.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या मुलांना हातांनी काही करता येत नाही अशी जी ओरड असते, त्यातलं निम्मं याच्यामुळे आहे. मोडलं तर बोलणी खावी लागणार असतील तर शहाणं पोर वस्तूला हात लावत नाही. आणि लावलाच तर मोडलेलं लपवतं. दुरुस्ती शिकायची तर मोडलेलं टेबलावर मांडता आलं पाहिजे, ते लपवून कसं शिकणार? कुणी म्हणेल, अशाने मुलं बेफिकीर होतील, पैशाची किंमत राहणार नाही. मला उलट दिसतं. ज्याला "माझ्याकडून झालं" म्हणता येतं तो पुढच्या वेळी हात जपून ठेवतो. ज्याने दुसऱ्यावर ढकललं तो काय शिकला? मी त्या शनिवारी क्लिप कशी लावायची ते शिकलो नाही. खोटं कसं पचवायचं ते शिकलो.

विमानवाल्यांना हे फार आधी कळलं. अमेरिकेत १९७६ पासून एक पद्धत आहे: वैमानिकाच्या हातून चूक झाली, अपघात होता होता वाचला, तर त्याने स्वतः ते लिहून कळवायचं. ही पत्रं शिक्षा करणाऱ्या विमान खात्याकडे जात नाहीत, ती नासा सांभाळते आणि नावं काढून टाकते. मुद्दाम केलेला गुन्हा नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल, तर पुढे प्रकरण निघालं तरी दंड सहसा माफ. एवढ्या मोठ्या धंद्याने हिशोब केला की चूक करणाऱ्याला पकडण्यापेक्षा चूक कशी झाली ते कळणं स्वस्त पडतं. हल्ली सॉफ्टवेअर कंपन्यांतही मोठा घोळ झाला की असंच बसून लिहून काढतात, कुणाचं नाव न घेता. (आमच्या हपिसात कागदावर नाव घेत नाहीत. चहाच्या टपरीवर घेतात.)

आणि हे कॉम्प्युटरचे भाग विकणारे? वाकलेली पीन वॉरंटीत बसत नाही, ते "ग्राहकाने केलेलं नुकसान". नियम म्हणून बरोबरच आहे. पण जो खरं सांगेल तो बुडाला आणि जो "असाच आला होता" म्हणेल त्याला निदान एक संधी आहे, अशी ती मांडणी आहे. दुकानात निदान तो पोऱ्या समोर उभा होता, मला त्याचा चेहरा बघावा लागला. आता फोनवर एक बटण असतं. "वस्तू सदोष होती" निवडायचं की झालं. पलीकडे कोणाच्या पगारातून कापतात, कापतात की नाही, काही दिसत नाही. भाच्याने बटण दाबताना हा विचार केला नसेल, आणि त्यात मला फार नवल वाटत नाही. मला तर पोऱ्या दिसत होता.

हे सगळं मी त्या रविवारी भाच्याला सांगितलं. खोलीचं दार लोटून, हळू आवाजात. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "मामा, ठेवताना प्रोसेसर बोटातून सुटला. कोपरा पिनांवर पडला. मग रात्री मी सुईने सरळ करायला गेलो. त्यात अजून वाकल्या असतील."

प्रोसेसर उचलला. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की पिनांच्या ओळी शेतातल्या सरींसारख्या चमकतात आणि जिथे ओळ मोडते तिथे लगेच कळतं. कोपऱ्याजवळ तीन पिना. बाबांचं तिकिटं बघायचं भिंग आता ताईकडे असतं, ते घेतलं. शिवणाची बारीक सुई घेतली. श्वास रोखून एक सरळ झाली. दुसरीही झाली. तिसरी भाच्याने स्वतः वाकवून पुन्हा वाकवलेली होती, ती माझ्या हातात तुटली. मी लगेच मोठ्याने म्हटलं, "माझ्याकडून तुटली." तो हसला. त्या दिवसात पहिल्यांदा.

आत्ता तो कॉम्प्युटर चालू आहे. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकाच रस्त्यावर, तिसऱ्या आणि चौथ्या खाचेत. त्यामुळे रॅमचा वेग बराच कमी मिळतो, पण मिळते पूर्ण. पहिल्या दोन खाचा मेल्या त्या मेल्याच. रिटर्न त्याने माझ्यासमोर रद्द केली. बोर्डाच्या डब्यात सॉकेटचं काळं प्लॅस्टिकचं झाकण त्याने जपून ठेवलं होतं, कारण परत पाठवताना ते लागतं असं त्याने वाचलं होतं. ते तसंच आहे. नवा बोर्ड तो स्वतःच्या पैशांनी घेणार आहे, केव्हा ते माहीत नाही.

भावोजींना त्याने संध्याकाळी स्वतः सांगितलं. ते दोन मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी म्हणत होतो तेच." ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग ते उठून खोलीत गेले आणि म्हणाले, "दाखव कुठली पीन ती." बराच वेळ भिंगातून बघत होते. उघडा बोर्ड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला असावा.

परत निघताना भाचा मला स्टेशनवर सोडायला आला. रिक्षात त्याने विचारलं, "मग मामा, तू नंतर त्या मुलाला जाऊन सांगितलंस का?"

नाही. २००७ साली पहिली नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून साडेतीन हजार पाकिटात घालून गेलो होतो. पोऱ्या तिथे नव्हता. मालकाने ओळखलं नाही. मी एक माउस विकत घेतला आणि परत आलो. त्याच्यानंतर काही वर्षांनी गेलो तर त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं.

बाबा २०१६ ला गेले. "माझ्या पोराने लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराची चोरी कशी पकडली" ही गोष्ट त्यांनी दर लग्नात, दर मुंजीत सांगितली, आणि ज्यांनी ज्यांनी ती ऐकली त्यांतले निम्मे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात. तर काका, आत्या, नागपूरची मंडळी, आणि आई, तूसुद्धा: त्या दुकानदाराने काही केलं नव्हतं. त्याच्या पोऱ्यानेही नाही. बोर्ड मी खरवडला होता.